जुलेखाच्या खबरां

७ जानेवारी २०२४, रविवार

हाताला अजून स्पिरिटचा वास येतोय. दोनदा साबण लावला तरी!

आज जिलानी चाचांनी पहिल्यांदा मशीन उघडू दिलं. स्पूलचा टेपरेकॉर्डर. ताटलीएवढी दोन चाकं, एकावरून दुसऱ्यावर सरकणारी तपकिरी फीत, आणि मागे लाकडी खोक्यात काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. चाचांचं इथेच नांदेडच्या इतवाऱ्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं – चाळीस वर्षं. दुकान गेलं, नजर गेली, आता त्यांना फक्त उजेड कळतो. मशीन राहिलं. मी जूनपासून त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते, कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये कंत्राटी काम करते, आणि सात महिने त्या मशीनकडे नुसती बघत होते.

“बी.एस्सी. हाय न्हवं तू?” चाचा म्हणाले. “मंग धर कापूस. जोरात घासू नको. हेड म्हंजे डोळ्याची बाहुली समज.”

हेडवरून फीत घासत जाते तेव्हाच आवाज उठतो. एवढासा चकचकीत तुकडा, नखाएवढा! कापूस काळा झाला, मग तपकिरी, मग पांढराच राहिला. किती समाधान वाटलं, कुणाला सांगू?

आईला सांगितलं फोनवर. “घरातली पयली पदवी तुझी, पुनम,” आई म्हणाली, “अन् तू डबडी पुसून राहिलीस?”

आईला कसं समजावू. औशाच्या बाजारात बैलांची बोली पुकारणारा मलप्पा होता. त्याचा पुकार आमच्या शेतापर्यंत ऐकू यायचा. तो गेला. तो पुकार आता कुणाकडेच नाही. माणूस गेलं तरी आवाज खरा, जसाच्या तसा राहू शकतो – हे केवढं मोठं आहे! आणि आपण तेवढंही करत नाही.

९ जानेवारी, मंगळवार

एक व्हॉल्व्ह बदलला. जुना काढून कानाशी हलवला तर आत काहीतरी किणकिणलं. चाचा म्हणाले, “मेला तो.”

११ जानेवारी, गुरुवार

आज मला खाली बसून ऐकायची परवानगी मिळाली.

चाचा आठवड्यातून एकदाच मशीन लावतात – गुरुवारी, पाच वाजता. आणि एकच फीत. दुसरी कुठलीही त्यांनी वीस वर्षांत लावलेली नाही. साडेचारलाच अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला. आधी काचेच्या आत नारिंगी ठिणगी, मग तापलेल्या धुळीचा वास, मग स्पीकरमधून मंद गुणगुण. मी हात पुढे केला तर चाचांनी अडवलं. “दम धर. कुनाच्या घरात शिरताना चपला काढती का न्हाई? तसं समज.”

फीत सुरू झाली. नुसती सळसळ. मग फार पुसट, भिंतीपलीकडून यावं तसं – “खबरां सुनो”. आणि लगेच तेच शब्द मोठ्याने, अगदी जवळून – “खबरां सुनो! मैं जुलेखा बोल रही हूँ!”

माझ्या अंगावर काटा आला. चाचांना तो दिसला नाही, पण कळला. हसले. “फीत गुंडाळून ठिवली की एका वेढ्यातलं बोलनं शेजारच्या वेढ्याला लागतंय. म्हणून ती बोलायच्या आदी तिची सावली बोलती. भ्यायचं काय त्यात?”

आठ वर्षांच्या मुलीचा आवाज. रेडिओवर बातम्या देतात तशी ती घरातल्या बातम्या देते. “अम्मी आज खट्टे में नमक डालना भूल गई. अब्बा बोले, बढ़िया है. अब्बा झूट बोले.” “दुकान में बिल्ली ने तीन बच्चे दिये. एक काला है, उसका नाम अब्बा के उपर रखे.” मला हसू फुटलं. चाचाही हसले – मला वाटतं ते दर गुरुवारी त्याच जागी हसतात. त्यांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

अकरा मिनिटं. शेवटी “खबरां खतम”, आणि सळसळ.

जुलेखा त्यांची एकुलती एक मुलगी. अठ्ठ्याऐंशी साली तापात गेली. ही फीत त्याआधी महिनाभराची. हुसेनबी चाची सगळा वेळ स्वयंपाकघराच्या दारात आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. एकदाही वळल्या नाहीत. त्यांना ऐकवत नसेल.

१३ जानेवारी, शनिवार

चाचांना म्हटलं, फीत लॅपटॉपवर उतरवून घेऊ या. दर वेळी ती हेडवर घासते, थोडी थोडी झिजते. एक दिवस काहीच उरणार नाही!

“हाव. मालूम हाय.” मग फितीच्या डब्यावर हात ठेवून म्हणाले, “लॅपटॉपात घातलीस तर तिला कवाबी बोलायला लावशील. थकल ती.”



१५ जानेवारी, सोमवार

संक्रांतीची सुट्टी. आज सगळं मशीन पुस्तकाप्रमाणे केलं! कंपनीचं पुस्तक नेटवर सापडलं – साठ पानं. चाचांनी सगळं माझ्यावर सोपवलं आणि बाजूला आडवे झाले.

बरं झालं केलं ते. माळ्यावरच्या पेटीतली एक सनईची जुनी फीत लावून बघितली तर सनई किनरी, घाईत. मशीन जोरात पळतंय! कारण शोधायला दोन तास गेले. फितीला पुढे ओढणारा एक बारीक दांडा असतो. तो फिरतो, रबरी चाक त्याच्यावर दाबून बसतं, मध्ये फीत. या दांड्यावर पिवळी पडलेली चिकटपट्टी गुंडाळलेली होती. पाच-सहा वेढे! दांडा जाड झाला, म्हणून फीत जास्त वेगाने ओढली जात होती. कधीतरी तुटलेली फीत जोडताना चिकटली असणार. नखाने, मग स्पिरिटने काढून टाकली. सनई लगेच जागेवर आली – संथ, गोड.

चाचा झोपेतच म्हणाले, “कोन वाजवतंय?”

आता जुलेखाही जशी होती तशी ऐकू येईल. खरी.

१८ जानेवारी, गुरुवार

काहीतरी भयंकर झालं आहे.

पाच वाजता फीत लावली. सळसळ. आणि मग – “खबरां सुनो. मैं जुलेखा बोल रही हूँ.” शब्द तेच. थांबे तेच. पण आवाज मोठ्या बाईचा होता! जड, संथ. एखाद्या बाईने लहान मुलीसारखं बोलावं तसा. मांजरीच्या पिल्लांची खबरही त्याच आवाजात. आत चाचींच्या हातून पातेलं पडलं.

मी बंद करायला उठले. चाचांनी माझं मनगट धरलं. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. आज त्या जागी हसले नाहीत. फीत संपून मोकळं टोक फटफट करत फिरत राहिलं तरी हात सोडला नाही.

मग म्हणाले, “जुलेखा मोठी झाली.”

१९ जानेवारी, शुक्रवार

चाचा जेवले नाहीत. म्हणतात, भूक न्हाई.

वेळ मोजली होती मी काल. अकराऐवजी सव्वाबारा मिनिटं. चिकटपट्टी काढल्यामुळे वेग उतरला – हे सरळ आहे. पण पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघितलं तर आत्ताचा वेग बरोबर आहे. अगदी बरोबर! म्हणजे चुकीचा होता तो आधीचा.

म्हणजे चुकीच्या वेगाने ती मुलगी आहे आणि बरोबर वेगाने बाई.

हे वाक्य लिहून पेन खाली ठेवलं. जिन्याचं दार लावून आले.

२० जानेवारी, शनिवार

चाचा दुपारच्या, जुहरच्या नमाजला गेले तेव्हा मी खाली जाऊन फीत हेडफोनवर ऐकली. न विचारता. चूक केली, माहीत आहे.

चौथ्या मिनिटाला मागे लांबून एक धून येते. पहिल्या गुरुवारी ती इतकी पातळ आणि घाईची होती की मला पाखरू वाटलं होतं. आज ओळखली. घंटागाडी! रोज सकाळी कचऱ्याची गाडी गल्लीत येते ना, तिच्यावर वाजते तीच.

अठ्ठ्याऐंशी साली कुठली आली घंटागाडी?

पुन्हा ऐकलं. या वेळी धून नाही, नुसता आवाज. “नमक” म्हणताना शेवटचा ‘क’ गिळायची सवय. हा आवाज मी रोज ऐकते. तो मला रोज सकाळी जिन्यातून हाक मारतो – पुनम बेटा, दूध आया.

२१ जानेवारी, रविवार

चाची गच्चीत कपडे वाळत घालत होत्या. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, “पट्टी तूच काढलीस न्हवं?”

“चाची, ती फीत –”

“हळू. खाली कान लई तेज हाय.”

त्यांनी सांगितलं. ज्या साली गल्लीत पाणी शिरलं त्या साली खालच्या कपाटातल्या फिती भिजल्या. चाचा पार्ट आणायला हैदराबादला गेले होते. असली फीत वेढ्याला वेढा चिकटून बसली होती. चाची सोडवायला गेल्या तर वरचा तपकिरी थर पापुद्र्यासारखा निघून आला, नुसतं पारदर्शक प्लॅस्टिक हातात राहिलं. “लेक दुसऱ्यांदा मेली,” म्हणाल्या. “अन् या वेळी माज्या हातात.”

चाचा परत यायला दोन दिवस होते. चाचींना एकूण एक शब्द पाठ होता.

“पण मशीन चालवायला –”

“मेकॅनिकची बायको हाय मी! तू जन्मायच्या आदी मी या घरात ट्रान्सफॉर्मरच्या तारा गुंडाळत हुते. दुकानात बसलेल्यांना वाटायचं म्हाताराच करतोय सगळं.” हसल्या. हसताना खोकला आला, गळा धरून खाली बसल्या. बोलताना पट्टी काढायची, ऐकवायच्या आधी लावायची, की आवाज बारीक होतो – ही युक्ती त्यांचीच. दर तीन-चार वर्षांनी फीत झिजते, चाचा म्हणायला लागतात की ती लांबून बोलून राहिली. मग चाची पुन्हा बोलतात. आत्ताची सहावी. दोन वर्षांपूर्वीची.

“आता सातवी न्हाई व्हायची,” म्हणाल्या. गळ्यावरचा पदर बाजूला केला. लिंबाएवढी गाठ. लातूरला ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, एक फेब्रुवारी. आवाज राहील की जाईल, डॉक्टर सांगत नाहीत.

मी म्हटलं – आणि हे लिहितानाही मला ते बरोबरच वाटतं – “चाची, त्यांना खरं सांगायला हवं.”

“खरं काय सांगू? की तुमची लेक छत्तीस वर्साखाली मेली? ते त्यांना मालूम हाय. त्यांनीच माती दिली. की फितीवर मी हाय? मंग त्यांनी गुरुवारी काय करायचं?”

ओले कपडे तसेच टाकून त्या खाली गेल्या. मी ते पिळून वाळत घातले.

२२ जानेवारी, सोमवार

चाचा चहासुद्धा अर्धाच घेतात. कोपऱ्यावरचा ग्यानोबा चहावाला मला म्हणाला, “चाचाला काय झालं वो? काल मला म्हणत हुते, पोरगी मोठी झाली, आता घरात ऱ्हाती का जाती कुणास ठाऊक. त्यांना पोरगी हाय व्हय?”

२४ जानेवारी, बुधवार

हरले. दांड्यावर पुन्हा चिकटपट्टी गुंडाळली. सहा वेढे, अकरा मिनिटं. माझ्या हाताने. उद्या पुन्हा ती लहान होईल, चाचा जेवतील, आणि मी खोट्यात सामील होईन. एका म्हाताऱ्या माणसाच्या जेवणापुढे माझं तत्त्व किती टिकलं? तीन दिवस.

२५ जानेवारी, गुरुवार

तत्त्व टिकवलं असतं तरी चाललं असतं! काहीच उपयोग झाला नाही.

फीत सुरू झाली. लहान जुलेखा. मीठ, मांजर, काळं पिल्लू. मी चाचांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी स्वतः बटण बंद केलं. असं कधी झालेलं नाही.

“ही न्हाई.”

“चाचा, हीच ती फीत –”

“मोठी झालेली पोरगी परत ल्हान कशी हुईल?” रागाने नाही, समजावल्यासारखं म्हणाले. “अन् मोठी झाली तर जुन्याच खबरां कशाला सांगल? तिच्याकडं आता नव्या आसतील. त्या आयकायच्यात मला.”

चाची दारात होत्या. आज पाठ फिरवलेली नव्हती.

२६ जानेवारी, शुक्रवार

झेंडावंदन करून आले तर चाची माझ्या खोलीत, पलंगाच्या कडेवर बसलेल्या.

“आता तू बोल.”

“मी?”

“मोठी जुलेखा. माजा गळा आता मोठ्या बाईचाबी ऱ्हायला न्हाई. मी गेल्यावर –”

“ऑपरेशनला चालला आहात, चाची. गेल्यावर काय?”

“तेच. लातूरला गेल्यावर. गुरुवारी घरात कुनी नसल. त्यांना एकटं बसवू नको सळसळ आयकत.”

मी नाही म्हटलं. मेलेल्या माणसाच्या तोंडी माझे शब्द घालणार नाही म्हटलं. मोठमोठ्याने म्हटलं बहुतेक, कारण त्यांनी माझ्या ओठांवर हात ठेवला. हाताला कांद्याचा वास होता.

“तू झूट नको बोलू. खबरां बोल. घरात काय झालं, कोन आलं, कोन गेलं. तेवढ्या तर खऱ्याच आसतात की.”

२७ जानेवारी, शनिवार

दिवसभर खालून काही आवाज नाही. चाचा मशीनजवळ बसून असतात. बंद मशीनजवळ.

२९ जानेवारी, सोमवार

चाची लातूरला गेल्या. त्यांच्या बहिणीचा मुलगा यासेर न्यायला आला होता. निघताना चाचांनी विचारलं, “कवा येनार?” चाची म्हणाल्या, “शुक्रवारी. बगारा भात करून ठिवा.” “मला कुठं येतंय!” “मंग शिका. वय हाय अजून.” यासेर हसला, मी हसले. रिक्षा वळली तरी चाचा तिकडेच तोंड करून उभे.

चाचींनी मला एक कागद दिला. खबरांची यादी. तुटक मराठीत, मोठ्या अक्षरात. “अंगनातला लिंब फुटला. यासेरला मुलगी बघायला गेलो, तिनं यासेरलाच प्रश्न विचारले. अम्मीचा गळा दुखतो पन सांगत न्हाई.”

३१ जानेवारी, बुधवार

अर्धी रजा टाकली. चाचा मशिदीत. पेटीतली एक न उघडलेली फीत काढली. हेड पुसलं. पट्टी पुन्हा काढली. माईक लावला. सगळं पुस्तकाप्रमाणे. माईक बंदच ठेवून एकदा म्हणून बघितलं – “खबरां सुनो”. खोलीत दुसरं कुणीतरी बोलल्यासारखं वाटलं. मागे वळून बघितलं मी!

मग जे केलं ते केलं. ते इथे लिहायचीही लाज वाटते.

फीत मशीनवर चढवून ठेवली आहे. चाचा आले तेव्हा सांगितलं, उद्याची तयारी झाली, पाच वाजता फक्त बटण दाबायचं. ग्यानोबा जेवण आणून देईल.

“नवी हाय?”

“हो.”

“मोठी झाल्यावरची?”

“हो.”

त्यांचा चेहरा इतका उजळला की मला तिथे थांबवेना. उद्या पहाटेच्या बसने लातूरला जाते, चाचींजवळ. त्यांना सोबत म्हणून. इथे पाच वाजता नसावं म्हणूनही.

१ फेब्रुवारी, गुरुवार – लातूर

चाचींना तीन वाजता आत नेलं. जाताना माझा हात दाबून म्हणाल्या, “बोललीस?” मी मान हलवली. त्यांना ती होकाराची वाटली. डोळे मिटले त्यांनी.

बाहेर बाकावर मी आणि यासेर. भिंतीवर घड्याळ. पाच वाजले तेव्हा मी त्याच्याकडेच बघत होते. आत्ता नांदेडला चाचांनी बटण दाबलं असेल.

पाच वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. त्यांनी मास्क काढला नाही, पण आम्हाला कळलं. हृदय थांबलं, म्हणाले. थोड्या वेळापूर्वी. खूप प्रयत्न केला. 

यासेर भिंतीला टेकून खाली बसला. “खालू को कौन बोलेगा? फोन पे नक्को. किसी को फोन नक्को करो.”

त्याचे खालू म्हणजे चाचा; त्यांच्याकडे मोबाईल नाही. मी म्हटलं, मी सांगेन. समोर बसून, हात धरून. आजवर ‘खरं सांगा, खरं सांगा’ म्हणत आले. आता तूच सांग म्हणावं.

कुणालाही फोन केलेला नाही. ना त्याने, ना मी. उद्या पहाटे चाचींना घेऊन गाडी निघेल.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहिते. नाहीतर नंतर माझाच विश्वास बसणार नाही.

आठ वाजता इतवाऱ्यात पोचलो. गल्ली अरुंद, गाडी आत येईना. मी एकटीच पुढे पळाले – चाचांना आधी सांगावं म्हणून. कोपऱ्यावर ग्यानोबा दुकान बंद करून उभा होता. मला बघताच पुढे आला. “आलाव का? चाचा काल सांजंपासून वाट बघून राहिलेत. मला म्हणले, मैयत यायची हाय, पाणी भरून ठिव. मी म्हणलं म्हातारं चळलं. पन भरलं बगा.”

अंगण झाडलेलं. पाण्याची पिंपं भरलेली. मधल्या खोलीतला पलंग उचलून भिंतीला लावलेला, जागा मोकळी, पांढरी चादर घडी करून ठेवलेली. शेजारच्या बायका दबकून बसलेल्या. आणि चाचा धुतलेल्या कपड्यांत, दाराकडे तोंड करून.

“आली का ती?”

मी त्यांच्यापुढे बसले. हात धरला. वाटभर जुळवलेलं वाक्य होतं, ते म्हणायला तोंड उघडलं. “चाचा, मला तुम्हाला एक –”

“मालूम हाय बेटा. काल पाच वाजता सांगितलं तिनं.”

“कुणी?”

“जुलेखानं. आवाज मोठा झाला, पन खबर द्यायची रीत तीच. खबरां सुनो, म्हणली. आज एकच खबर हाय. अम्मी पहुँच गई. रस्ते में थक गई थी, अब सो रही है.” त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. माझ्या! “मंग लई वेळ गप्प ऱ्हायली. मी म्हणलं, झालं आसल. तर म्हणली, अब्बा, बगारा रहने दो.”

गाडी दाराशी आली. बाहेर बायकांचा रडण्याचा आवाज उठला. चाचा उठले, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेले, आणि अर्ध्या वाटेत थांबून मला म्हणाले, “तू फीत लावून गेलीस म्हणून वेळेवर कळलं. न्हाईतर तिला घरात घ्यायला मी तयार तरी आसतो का?”

दुपारी माती झाली. यासेर मला जिन्यात गाठून विचारत होता, खालू को किसने बताया, तुमने बताया क्या. मी तशीच वर निघून आले.

यापुढचं आज लिहवत नाही.

३ फेब्रुवारी, शनिवार

बुधवारी माझ्या तोंडून आवाज फुटलाच नाही. मी मशीनवर कोरी फीत लावून गेले होते. आज ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. कोरीच आहे.